विलेमस्टाड : रंगीत घरं आणि त्यांच्या पुढ्यातलं पाणी

तांडेल

कुरासाव बेटाची राजधानी विलेमस्टाड. तिचा एकच फोटो जगभर फिरतो. पाण्याला खेटून उभी पिवळी, गुलाबी, निळी, पिस्ता रंगाची डच घरं, नक्षीदार कमानी कपाळं, वर लख्ख आकाश. हा भाग म्हणजे हँडेल्सकाड, व्यापारी धक्का. परवा इथल्याच एका प्रवासाच्या धाग्यावर 'कॅरिबियनमधलं ॲमस्टरडॅम' म्हणून त्याचं कौतुक झालं. कौतुकाला हरकत नाही. पण त्या फोटोत घरं मुख्य आणि पाणी उगीच पुढ्यात पडल्यासारखं दिसतं. खरं तर तिथं आधी पाणी, मग घरं. मी मर्चंट नेव्हीत टँकरवर होतो, त्यामुळे हे गाव मी पहिल्यांदा पाहिलं ते खाडीच्या तोंडातून आत शिरताना. त्या बाजूनं लिहितो.

बेट ४४४ चौरस किलोमीटरचं, वेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ६५ किलोमीटरवर. पाऊस इतका कमी की आपला माणदेश आठवावा. निवडुंग, काटेरी झुडपं, वाऱ्यानं एकाच दिशेला वाकलेली दिवी-दिवीची झाडं. ऊस होत नाही. आता कॅरिबियनमधलं बेट आणि ऊस नाही म्हटल्यावर तिथं कुणी कशाला थांबावं? स्पॅनिश १४९९ मध्ये अलोन्सो दे ओहेदाबरोबर आले, सोनं नाही म्हणून तोंड वाकडं केलं आणि सरकारदप्तरी या बेटांची नोंद 'निरुपयोगी' अशी झाली. १५१५ मध्ये त्यांनी इथल्या जवळजवळ सगळ्या काकेतिओ लोकांना उचलून हिस्पॅनिओला बेटाच्या खाणींवर नेलं. बेट निरुपयोगी, माणसं मात्र उपयोगाची, असा हिशोब. पुढचं सगळं याच हिशोबाचं आहे.

१६३४ मध्ये योहानेस फान वाल्बेक डच वेस्ट इंडिया कंपनीचं आरमार घेऊन आला. डचांचं स्पेनशी युद्ध चालू होतं, त्यांना कॅरिबियनमध्ये तळ हवा होता आणि हेरिंग मासा खारवायला मीठही हवं होतं. त्यांना इथं मिठापेक्षा मोठं घबाड मिळालं. बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला एक चिंचोळी, खोल फट आहे, सेंट ॲना बे. तिच्यातून आत गेलं की स्खोटेगाट नावाचं भलंमोठं अंतर्गत बंदर उघडतं. बाहेर कितीही खवळलेलं असू दे, आत तळ्यासारखं शांत. शिवाय हे बेट चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला. जहाजवाल्याला आणखी काय हवं?

फटीच्या पूर्वेच्या टोकावर १६३५ पासून फोर्ट ॲमस्टरडॅम बांधायला घेतला. त्याच्या आडोशानं तटबंदीत जे गाव वाढलं ते पुंडा. जागा अपुरी पडली तेव्हा १७०७ पासून समोरच्या काठावर ओत्रोबंदा उठलं. पीटर मै आणि स्खारलो ही वस्ती तटाबाहेर. समुद्रातून आत येताना उजव्या हाताला पुंडा, डाव्या हाताला ओत्रोबंदा, आणि जहाज इतक्या जवळून जातं की कॅफेत बसलेल्यानं काय मागवलंय ते ब्रिजवरून, म्हणजे सुकाणूच्या खोलीतून, दिसतं.

आता त्या फोटोतली घरं. ती हौसेनं बांधलेले बंगले नव्हेत. खाली दुकान आणि गोदाम, वर मालकाचं बिऱ्हाड. पिवळसर विटा हॉलंडहून रिकाम्या जहाजांचं वजन सांभाळायला नीरम म्हणून यायच्या, बाकी भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, चुनाही प्रवाळ भाजून केलेला. त्यात मीठ मुरलेलं. ते बाहेर येतं आणि रंगाचे पोपडे सुटतात, म्हणून इथं भिंती सारख्या रंगवाव्या लागतात. कोपऱ्यावरची पिवळी-पांढरी पेन्हा इमारत १७०८ ची. रंगांबद्दल एक गोष्ट तिथला प्रत्येक गाइड सांगतो. १८१७ मध्ये गव्हर्नर आल्बर्ट किकर्टनं पांढऱ्या भिंतींच्या चकाकीनं डोकं दुखतं म्हणून पांढरा सोडून दुसरा कुठलाही रंग लावा असा हुकूम काढला, आणि तो मेल्यावर कळलं की रंगाच्या दुकानात त्याची भागीदारी होती. भागीदारीचा भाग मला गाइड लोकांनी लावलेला तडका वाटतो.

गोदामांत काय असायचं? बेटावर पिकलेलं फारसं काही नाही. वेनेझुएलाचा कोको, तंबाखू, कातडी, खेचरं. स्पेनच्या वसाहतींना परक्यांशी व्यापार करायची बंदी होती, म्हणजे हा जवळपास सगळाच चोरटा माल. डचांनी १६७५ मध्ये बंदर सगळ्यांना खुलं केलं. युद्ध कुणाचंही असो, विलेमस्टाडला दोन्हीकडचं गिऱ्हाईक. आणि याच फटीतून आणखी एक 'माल' आत यायचा, ज्यावर वेगळं लिहावं लागेल. बघू, कुणी विचारतंय का.

भटक्या

वाचनखूण साठवली. तांडेलकाका, मी विचारतो. ऊस नाही, कापूस नाही, मग गुलाम कशाला? कॅरिबियन आणि गुलामी म्हटलं की डोळ्यांपुढे मळे येतात.

तांडेल

विकायला. थोडे गुलाम बेटावर राबायचे, घरकामाला, मिठागरांवर, गोदीत, ज्वारी-मका पिकवणाऱ्या कोरड्या मळ्यांवर. पण कंपनीचा मुख्य धंदा पुढे पाठवायचा. स्पेनला आफ्रिकेतून स्वतः माणसं आणता येत नव्हती, म्हणून ते ठेका द्यायचे. त्याला आसिएन्तो म्हणत. १६६२ मध्ये ग्रिल्लो आणि लोमेलिन या जिनोआच्या व्यापाऱ्यांकडे तो ठेका आला आणि माणसं पुरवायचं पोटकंत्राट डच कंपनीनं घेतलं. तेव्हापासून कुरासाव म्हणजे माणसांचं गोदाम. अटलांटिक ओलांडून अर्धमेली झालेली माणसं इथं उतरवायची, झाउरझाकसारख्या मळ्यांच्या आवारात काही आठवडे खाऊ-पिऊ घालून 'तयार' करायची, मग कार्ताहेना, पोर्तोबेलो, व्हेराक्रूझ या स्पॅनिश बंदरांना. एकूण आकडा लाखाच्या घरातला सांगतात. ज्या गावाची तेव्हाची वस्ती काही हजार, तिथून लाखभर माणसं गेली.

डॉ. खवचट

आलंच का शेवटी. हल्ली कुठल्याही सुंदर गावाबद्दल लिहा, तिसऱ्या परिच्छेदात गुलामगिरी आणि वसाहतवाद येतोच. माणसानं घरं बघावीत, कॉफी प्यावी, फोटो काढावा. ॲमस्टरडॅमचे कालवे बघताना आपण रोज हिशोब मांडतो का?

मीनाक्षी_क

डॉक्टर, ॲमस्टरडॅमचे कालवे बघतानाही तिथले लोक हल्ली हा हिशोब मांडतात, पण ते असो. बेटावरचे लोक स्वतः काय सांगतात ते ऐका. त्यांची वर्षातली एक मोठी तारीख आहे १७ ऑगस्ट. १७९५ मध्ये त्या दिवशी बेटाच्या पश्चिमेकडच्या केनेपा मळ्यावर तुला नावाच्या माणसानं काम करायला नकार दिला. बरोबर चाळीस-पन्नास जण. ते दंगा करत सुटले नाहीत, आधी मालकाकडे गेले. मालक कास्पर फान आउत्रेख्त म्हणाला, तक्रार असेल तर गव्हर्नरकडे जा. ते निघाले आणि वाटेतल्या मळ्यांवरची माणसं येऊन मिळत गेली, हजारावर जमाव झाला असं म्हणतात.

तुलाचं बोलणं आपल्याला आज कळतं त्याचं कारण याकोबुस स्खिंक हा पाद्री. सरकारनं त्याला समजूत घालायला पाठवलं होतं आणि त्यानं भेटीचा वृत्तांत लिहून ठेवला. तुलाचं म्हणणं सरळ होतं. फ्रेंचांनी त्यांच्या गुलामांना मोकळं केलं, हॉलंड आता फ्रेंचांच्या ताब्यात आहे, मग आम्हीही मोकळे. आणि सगळी माणसं आदम आणि हव्वेचीच लेकरं ना? पाद्र्याकडे याचं उत्तर नव्हतं. ३ ऑक्टोबर १७९५ ला तुलाला हातपाय मोडून जाहीरपणे मारलं. बास्तिआन कार्पाता, लुई मेर्सिए, पेद्रो वाकाओ हे त्याचे साथीदार.

गुलामगिरी संपायला १ जुलै १८६३ उजाडला. भरपाई मिळाली, पण मालकांना, कुरासावला माणशी २०० गिल्डर (डच नाणं). सुटलेल्यांना जमीन नाही. मग 'पागा तेरा' नावाची पद्धत आली. मळ्यावर झोपडी आणि वावराचा तुकडा वापरायचा, बदल्यात मालकासाठी ठरावीक दिवस फुकट राबायचं. आपल्याकडची वेठबिगार ओळखणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. डच सरकारनं गुलामगिरीबद्दल माफी मागितली डिसेंबर २०२२ मध्ये आणि तुलावरचा गुन्हेगारीचा शिक्का पुसला ऑक्टोबर २०२३ मध्ये. इतकी ताजी गोष्ट आहे ही. कॉफी जरूर प्या.

रिकामटेकडा

+१ मीनाक्षीताई.
खवचटांना इनो पाठवा रे कुणीतरी.

वेंगुर्लेकर

तांडेलांनी वेस्ट इंडिया कंपनी म्हटली आणि आमच्या गावची डच वखार आठवली. वेंगुर्ल्याला आजही तिचे पडके अवशेष आहेत. ती मात्र ईस्ट इंडिया कंपनीची, म्हणजे व्हीओसीची. १६३७ च्या सुमारास ते आमच्याकडे आले, कारण गोव्याच्या बंदराची नाकेबंदी करायला जवळ तळ हवा होता. म्हणजे बघा, वाल्बेक कुरासाव घेतोय आणि दोन-तीन वर्षांत त्यांचेच भाऊबंद वेंगुर्ल्यात. शत्रू दोन्हीकडे तोच, तेव्हा पोर्तुगालही स्पेनच्या राजाखाली होता.

दोन कंपन्या वेगळ्या, हिशोब वेगळे, पण माल एकमेकींच्या हाताला लागायचा. व्हीओसी हिंदुस्थानातून सुती कापड आणि मालदीवच्या कवड्या ॲमस्टरडॅमला न्यायची. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घेताना हेच कापड आणि कवड्या मोजल्या जायच्या. कापड मुख्यतः कोरोमंडल आणि गुजरातचं. वेंगुर्ल्याचं त्यात काही होतं असा माझा दावा नाही, उगीच कुणी गावाभिमान काढू नये. पण विलेमस्टाडच्या गोदामात उभ्या केलेल्या माणसाची किंमत काही अंशी आपल्याकडच्या मागावर विणलेली होती, हे खरंच.

भटक्या

बापरे. हे डोक्यातच आलं नव्हतं.

अश्विनी (रॉटरडॅम)

मी रॉटरडॅमला राहते, इथं कुरासावहून आलेली खूप माणसं आहेत. आमच्या इमारतीतच दोन घरं. त्यामुळे घरांपेक्षा माणसांबद्दल लिहिते.

एक तर भाषा. पापियामेंतू. कुरासावचे लोक डच शाळेत शिकतात, पण भांडायचं, प्रेम करायचं, देवाला हाक मारायची ती पापियामेंतूत. पोर्तुगीज, स्पॅनिश, डच आणि पश्चिम आफ्रिकी बोलींतून झालेली. विशेष म्हणजे ती फक्त गुलामांची राहिली नाही. तिच्यातला सगळ्यात जुना उपलब्ध मजकूर म्हणजे १७७५ चं एक पत्र, तेही एका ज्यू कुटुंबातलं. मालकिणीच्या मुलांना सांभाळणाऱ्या याया ती भाषा बोलायच्या, मुलं तीच शिकायची. २००७ पासून ती राजभाषा आहे, डच आणि इंग्रजीच्या जोडीला. पोर्तुगीज वळणाच्या अशा मिश्र भाषा आपल्याला अगदी परक्या नाहीत. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज क्रिओल बोलतात.

दुसरं, धर्म. मालक डच प्रोटेस्टंट नाहीतर ज्यू. त्यांना आपल्या चर्चमध्ये गुलाम नको होते. मग गुलामांना बाप्तिस्मा द्यायला वेनेझुएलाकडून कॅथलिक पाद्री यायचे. म्हणून आजही बेटावर बहुसंख्य कॅथलिक. आणि याचा एक उलटा फायदाही झाला. होडी मिळवून वेनेझुएलातल्या कोरोच्या किनाऱ्याला पोहोचलेल्या आणि कॅथलिक झालेल्या पळपुट्या गुलामाला स्पॅनिश मुलखात मोकळं ठेवायचे. ६५ किलोमीटर समुद्र. अनेकांनी तो पार केला.

तिसरं, तांबू. ढोल आणि नांगराच्या फाळासारख्या लोखंडी तुकड्यांवर वाजणारं गाणं-नाचणं. चर्चला आणि सरकारला त्याचा राग, मध्ये कितीतरी काळ त्यावर बंदी होती. कारण उघड आहे, गाण्यात मालकाची, पुढाऱ्याची उणीदुणी काढली जायची. नववर्षाच्या सुमारास तांबूचे दिवस असतात. माझी शेजारीण म्हणते, वर्षभरात कुणी काय लफडं केलं ते तांबूत कळायचं.

चौथं खाणं, ते वेगळ्या प्रतिसादात, आत्ता ऑफिस आहे.

तांडेल

अश्विनी, खाण्याची वाट बघतोय. तोवर ज्यूंबद्दल लिहितो, कारण हे बंदर त्यांच्याशिवाय समजत नाही. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, भीतीनं अनेक ज्यू वरकरणी ख्रिस्ती झाले, पुढे ॲमस्टरडॅमला पोहोचले आणि तिथं पुन्हा उघडपणे ज्यू झाले. त्यांच्यातली काही कुटुंबं १६५० च्या दशकात कुरासावला आली. आधी शेती करायचा बेत होता. जमिनीनं त्यांना लवकरच व्यापारी बनवलं. त्यांना स्पॅनिश-पोर्तुगीज यायचं, किनारपट्टीवर नातेवाईक होते, उधारीवर विश्वास होता. चोरट्या व्यापाराला याहून वेगळं भांडवल लागत नाही.

पुंडात त्यांचं मिक्वे इस्राएल सिनेगॉग आहे, १७३२ चं. अमेरिका खंडांत अखंड वापरात असलेल्यांपैकी सगळ्यात जुनं. आत पितळी झुंबरं, महोगनीचं काम, आणि जमिनीवर वाळू. पायाखाली चक्क वाळू. कुणी म्हणतं वाळवंटातल्या वणवणीची आठवण, कुणी म्हणतं पोर्तुगालमध्ये लपून प्रार्थना करताना पावलांचा आवाज दबावा म्हणून टाकायचे त्याची. मला दुसरं कारण जास्त पटतं. ज्या बंदरातले लोक माल लपवण्यात तरबेज होते त्यांनी एके काळी देव लपवला होता.

वेंगुर्लेकर

अवांतर नाही म्हणून लिहितो. तेच इन्क्विझिशन गोव्यात १५६० मध्ये आलं. गोव्यातला प्रसिद्ध वैद्य गार्सिया दा ओर्ता याच समाजातला, बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यू घरातला. तो १५६८ मध्ये वारला आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. म्हणजे एका टोळीनं ॲमस्टरडॅम गाठून कुरासावला दुकान मांडलं, दुसरी आमच्याकडे येऊन मेल्यावरही सुटली नाही.

डॉ. खवचट

ठीक आहे, हे रंजक आहे. माझा मुद्दा मी मागे घेत नाही, पण एक प्रश्न विचारतो. ज्यूंचा छळ झाला म्हणून ते आले, मान्य. मग त्यांनी गुलाम ठेवले की नाही?

मीनाक्षी_क

ठेवले. गुलामांच्या व्यापारातही त्यांच्यातल्या काहींचा हिस्सा होता. डच प्रोटेस्टंटांचाही होता, नंतर मोकळ्या झालेल्या काही काळ्या आणि मिश्र लोकांकडेही गुलाम होते. छळ सोसलेला माणूस आपोआप सज्जन होत नाही. यात तुमचा काय विजय झाला ते कळलं नाही.

रिकामटेकडा

लढाई नंतर करा, आधी लढाईचीच गोष्ट ऐका. १ जानेवारी १८०७, भल्या पहाटे. इंग्रजांचा चार्ल्स ब्रिस्बेन चार फ्रिगेट युद्धनौका घेऊन थेट त्या चिंचोळ्या तोंडातून आत शिरला. तिथल्या पठ्ठ्यांनी आदल्या रात्री नववर्ष दणक्यात साजरं केलेलं. फोर्ट ॲमस्टरडॅमवरचे लोक डोळे चोळत उठेपर्यंत किल्ला गेला. जगातला सगळ्यात महागडा हँगओव्हर.

आणखी एक. फोर्टातल्या चर्चच्या भिंतीत एक तोफगोळा अजून रुतलेला आहे, १८०४ चा. मारणारा कोण? कॅप्टन ब्लाय. नाही, ज्याच्या 'बाउंटी' जहाजावर बंड झालं होतं तो विल्यम नव्हे, हा जॉन ब्लाय.

भटक्या

ज्या फटीमुळे बंदर सुरक्षित, त्याच फटीतून शत्रू आत. भारी.

तांडेल

फट अरुंद आहे म्हणून तोफा दोन्ही बाजूंनी लागू पडतात. पण त्या डागायला शुद्धीवर माणूस लागतो.

इंग्रज १८१६ पर्यंत राहिले. त्याच काळात वेनेझुएलातून पळालेला सिमोन बोलिव्हार, स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्याचा पुढारी, १८१२ मध्ये इथं येऊन राहिला, आसरा दिला मोर्देकाय रिकार्दो या ज्यू वकिलानं. बोलिव्हारचा आरमारप्रमुख लुइस ब्रिओन आणि सेनापती मानुएल पियार हे दोघेही याच गावचे. पियारला पुढे बोलिव्हारच्याच राज्यात १८१७ मध्ये गोळ्या घातल्या. गाव लहान, पण उचापती खंडभर.

अश्विनी (रॉटरडॅम)

खाणं! केशी येना. एदाम चीजचा गोळा आतून पोखरायचा, त्यात मसालेदार कोंबडी, ऑलिव्ह, मनुका भरायच्या आणि भाजायचा. गोष्ट अशी सांगतात की मालक आतलं चीज खायचे आणि बाहेरचं कवच टाकून द्यायचे, त्यातून स्वयंपाकघरातल्या बायकांनी हा पदार्थ उभा केला. मनुका आणि ऑलिव्ह गुलामांच्या चुलीपर्यंत कसे पोहोचले हा प्रश्न मी शेजारणीला विचारला, तर ती म्हणाली, मालकिणीच्या फडताळातून, आणखी कुठून?

रोजचं जेवण म्हणजे फुंची, मक्याच्या पिठाचा घट्ट उकड-लगदा, सोबत बोकडाचा रस्सा, काब्रितू स्तोबा. इग्वानाचं सूप आणि कादुशी निवडुंगाचं सूप पण असतं. निवडुंगाचं मी चाखलंय, भेंडीसारखं बुळबुळीत. आवडलं नाही.

आणि ती निळी लिकर, ब्लू कुरासाव. स्पॅनिशांनी व्हॅलेन्सियाची संत्री लावली, कोरड्या मातीत ती कडू आणि खरबरीत झाली, खाण्याच्या लायकीची राहिली नाहीत. त्यांना लाराहा म्हणतात. पण सालीला वास मात्र अप्रतिम, त्याचीच दारू. निळा हा फक्त रंग, चवीत काही नाही.

भाजीचं सांगायचं तर बेटावर फारशी पिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या वेनेझुएलाहून होड्या यायच्या आणि पुंडाच्या धक्क्याला लागून होडीवरूनच केळी, पपया, मासे विकायच्या. २०१९ मध्ये वेनेझुएलानं सीमा बंद केली तेव्हा तो तरंगता बाजार ओस पडला.

भटक्या

तांडेलकाका, तुम्ही टँकरवर होतात म्हणालात. तेल कुठून आलं या कथेत?

तांडेल

तेलाशिवाय हे गाव एकोणिसाव्या शतकातच झोपलं असतं. गुलामांचा व्यापार गेला, स्पेनच्या वसाहती स्वतंत्र झाल्या, चोरटा व्यापार करण्याइतकी बंदी उरली नाही. गवताच्या टोप्या विणून विकण्यापर्यंत पाळी आली होती. मग वेनेझुएलात माराकायबो सरोवराखाली तेल लागलं. सरोवराच्या तोंडाशी वाळूचा उथळ दांडा, मोठी जहाजं आत जाऊ शकत नव्हती. शेल कंपनीनं हिशोब केला, छोट्या टँकरनी कच्चं तेल बाहेर आणायचं आणि जवळच्या खोल, शांत, डच झेंड्याखालच्या बंदरात शुद्ध करायचं. पुन्हा तेच, दुसऱ्याचा माल, आपलं पाणी. १९१८ मध्ये स्खोटेगाटच्या काठावर रिफायनरी सुरू झाली.

गाव दोन पिढ्यांत ओळखू येईना. मदेइरा, सुरिनाम, इंग्रजांची बेटं, चीन, कुठून कुठून कामगार आले. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या विमानांना इथलं इंधन जायचं. फेब्रुवारी १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी या भागातले टँकर बुडवले. त्यावर चिनी खलाशांनी, म्हणजे बॉयलरला कोळसा-तेल घालणाऱ्या आगवाल्यांनी, संरक्षण आणि पगारवाढ मागत जहाजावर चढायला नकार दिला. त्यांना छावणीत कोंडलं आणि २० एप्रिल १९४२ ला पोलिसांच्या गोळीबारात १५ जण मेले. रंगीत घरांच्या टूरमध्ये ही छावणी नसते. इंजिन रूममध्ये आयुष्य घालवल्यामुळे मला मात्र हीच गोष्ट आधी आठवते. पाणबुडी आली तर खालचा माणूस वर पोहोचत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

रिफायनरीच्या धुराचा आणखी एक बळी म्हणजे बेथ हाईम, १६५९ पासूनचं ज्यू स्मशान. ते नेमकं तिच्या वाऱ्याखाली आहे. कबरींच्या संगमरवरावरची कोरीव अक्षरं आणि शिल्पं ॲसिडच्या वाफांनी झिजून गुळगुळीत झालीत.

मीनाक्षी_क

१९६९ राहिलं.

तांडेल

त्यावरच येत होतो. पन्नासच्या दशकात रिफायनरीत अकरा हजारांच्या वर माणसं होती. यंत्रं आली, कामं ठेकेदारांकडे गेली, १९६९ पर्यंत उरली चारेक हजार. ठेकेदाराच्या माणसाला त्याच कामाचे कमी पैसे. ३० मे १९६९ ला संपकरी फोर्ट ॲमस्टरडॅमकडे निघाले, सरकारला जाब विचारायला. वाटेत कामगार पुढारी पापा गोडेटला पोलिसांची गोळी लागली आणि मग पुंडा-ओत्रोबंदा पेटलं. दोन माणसं दगावली, अनेक इमारती खाक झाल्या, हॉलंडहून नौसैनिक आणावे लागले. सरकार पडलं. वर्षअखेर एर्नेस्तो पेट्रोनिया पंतप्रधान झाला, नेदरलँड्स अँटिलीसचा, म्हणजे कुरासाव आणि इतर डच बेटांच्या तेव्हाच्या संघाचा, पहिला काळा पंतप्रधान. मोर्चा गेला त्याच दिशेनं जिकडे तुलाला निघायला सांगितलं होतं, गव्हर्नरकडे.

शेलनं १९८५ मध्ये एका गिल्डरच्या नाममात्र किमतीला रिफायनरी बेटाच्या सरकारला देऊन काढता पाय घेतला. सोबत युद्धकाळापासून साचलेलं डांबराचं तळंही दिलं. नंतर वेनेझुएलाच्या सरकारी कंपनीनं ती २०१९ अखेरपर्यंत चालवली. १९९७ मध्ये गावाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आता मुख्य गिऱ्हाईक क्रूझचा प्रवासी.

डॉ. खवचट

म्हणजे शेवटी माझ्यासारख्या कॉफीवाल्यांवरच गाव जगतंय ना? एवढं कबूल करा.

रिकामटेकडा

डॉक्टरांना दंडवत.

तांडेल

कबूल. फक्त कॉफी पिताना खुर्ची पाण्याकडे तोंड करून ठेवा, घरांकडे नको.

अश्विनी (रॉटरडॅम)

पुलाबद्दल कुणीच लिहिलं नाही! पुंडा आणि ओत्रोबंदा जोडणारा राणी एम्माचा पूल, १८८८ चा, १६७ मीटर, होड्यांच्या रांगेवर तरंगणारा. जहाज आलं की एक टोक सुटतं, इंजिन लावलेला तो अख्खा पूल दारासारखा बाजूला फिरतो. लिओनार्ड स्मिथ नावाच्या अमेरिकन वकिलातीतल्या माणसानं बांधला आणि टोल लावला. बूट घातलेल्यांना टोल, अनवाण्यांना माफ. लोक सांगतात की गरीब माणूस इज्जतीसाठी उसने बूट घालून पैसे भरायचा आणि पैसेवाला बूट काखेत मारून फुकट जायचा. १९३४ पासून टोल नाही.

भटक्या

हाहा, हे आपल्याकडेही झालं असतं. एक शेवटचं, तिथं भारतीय कुणी भेटतात का?

तांडेल

पुंडाच्या गल्ल्यांत कापड, घड्याळं, इलेक्ट्रॉनिक्सची कितीतरी दुकानं सिंध्यांची आहेत, विसाव्या शतकात येऊन स्थिरावलेल्यांची. गल्ल्यावरचा माणूस गिऱ्हाइकाशी पापियामेंतू, पोराशी सिंधी आणि आमच्याशी हिंदीत बोलायचा. भाव करायला हिंदीचा काही उपयोग होत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

आणि पूल उघडताना तुम्ही वर असाल तर घाबरू नका. घंटा वाजते, दोन्ही टोकांना फाटकं लागतात, आणि आत अडकलेले लोक निवांत कठड्याला टेकून पुलाबरोबर फिरून येतात. बाकीच्यांसाठी फुकट फेरी बोट असते. मोठा टँकर असेल तर अर्धा तास धरून चाला, लहान होडी असेल तर पाच-दहा मिनिटं.